न घेतलेली बोट

नाही, नाही, 'घेऊन टाक' म्हणू नका! एवढं एक म्हणू नका, बाकी काय वाटेल ते बोला. गेले कितीतरी महिने जो भेटेल तो हेच म्हणतोय. दातांच्या डॉक्टरकडे गेलो, तोंडात त्याची सगळी हत्यारं, मी आ वासलेला, आणि तो वरून विचारतो, 'काय ओडवार, बोटीचं काय केलंस? घेऊन टाक रे!' आता आ वासलेल्या माणसाने उत्तर काय द्यायचं? मी म्हटलं, 'आऽऽ!' तर त्याला वाटलं दुखतंय, त्याने आणखी एक इंजेक्शन टोचलं. अहो, घेऊन टाक म्हणजे काय, ती काय पावाची लादी आहे? बोट आहे बोट! उन्हाळ्यात पाण्यात सोडायची, हिवाळ्यात पाण्यातून काढायची, मधल्या काळात तिच्याकडे बघून सुस्कारे टाकायचे, आणि या तिन्ही गोष्टींचे पैसे मोजायचे. वर आपल्या नॉर्वेतला उन्हाळा केवढा, तर अंगाला साबण लावेपर्यंत सुरू आणि साबण धुवेपर्यंत खलास! आता तुम्हीच सांगा, परवडतं का हो हे?

तुम्हाला सांगतो, मी मुळात बोटीचा माणूसच नव्हे. मी बस चालवणारा. सगळी नोकरी खाडीकाठच्या त्या एका रस्त्यावर झाली. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला पाणी. उन्हाळा आला की पाण्यात बोटी. बोटीत बायामाणसं पाय पसरून बसलेली, हातात कॉफीचे कप, पोरं टॉवेलात गुंडाळलेली... आणि इकडे मी, गळ्यापर्यंत बटण लावलेला, मागून एक आजी विचारतायत, 'ही गाडी दवाखान्यापाशी थांबते ना?' अहो, थांबते! तुमच्या लग्नाआधीपासून थांबते! तर तेव्हाच मी मनाशी धरलं होतं, निवृत्त झालो की आपणही त्या बाजूला जायचं. पाण्यात बसायचं आणि रस्त्याकडे बघायचं. जास्त काही मागणं नव्हतं हो माझं.

पण आमच्या स्कार्विकला बोट घेणं म्हणजे नुसती बोट घेणं नाही. बोट बांधायला धक्क्यावर जागा लागते. जागा देणार बोट-मंडळ. आणि मंडळाची प्रतीक्षायादी! लोक पोर जन्मलं की बारशाच्या आधी त्याला यादीत घालतात. मी घातलं माझं नाव पन्नाशीच्या आत होतो तेव्हा, आणि नंबर लागला तो एकोणीस वर्षांनी! बरं, पुढे सरकायचं कसं? जागा रिकामी झाली की. आणि जागा रिकामी कधी होते? माणूस गेला की. गावाला नव्हे, कायमचा! जिवंत माणूस धक्क्यावरची जागा सोडत नाही. घर विकेल, बायको सोडून जाईल तर जाऊ देईल, पण जागा? अंहं!

आणि नुसतं वाट बघत बसता येतं असं समजू नका. यादीतल्या माणसानेही शनिवारी दुग्नादला यायचं. दुग्नाद म्हणजे सगळ्यांनी मिळून सगळ्यांसाठी फुकटात राबायचं. सक्ती अजिबात नाही हां! न आलेल्याला कुणी चकार शब्द बोलत नाही. नुसतं बघतात. पुढचं वर्षभर बघतात. दुकानात दुधाच्या रांगेत बघतात. ते बघणं सहन होत नाही म्हणून मग तापाने फणफणलेला माणूससुद्धा ब्रश घेऊन हजर होतो. मीही झालो. एवढी वर्षं मी लोकांच्या बोटींचे तळ खरवडले, लोकांचे दोर धुतले, लोक ज्या फळ्यांवरून ऐटीत चालत जाऊन आपल्या बोटीत बसतात त्या फळ्यांना डांबर फासलं, आणि संध्याकाळी ते डांबर नखांतून काढत घरी. स्वतःची बोट काय, बादलीसुद्धा नाही तिथे माझी!

पण खोटं कशाला बोलू, शनिवार मला आवडायचा. काम उरकलं की थर्मासमधली कॉफी, गरम वॉफल, त्यावर तपकिरी चीजचा काप. पाच-सहा जण फळीवर ओळीने बसायचे आणि कुणीही काही बोलायचं नाही. तुम्हाला नाही कळायचं, असं मिळून गप्प बसायला माणसं मिळत नाहीत हो. घरी एकट्याने गप्प बसलं की बायको विचारते, 'काय झालं?'

त्या फळीवर माझ्या शेजारी बसायचा इंगेब्रिग्ट. नव्वदी ओलांडलेला. आता गंमत बघा. माझ्या पुढचे सगळे मार्गी लागले, यादीत मी पहिला आलो, आणि धक्क्यावर सगळ्यात म्हातारा कोण, तर हा! म्हणजे मी त्याला साधं 'तब्येत कशी आहे?' विचारायची चोरी. विचारलं की मान वळवून डोळे बारीक करून म्हणायचा, 'आहे अजून. तुझी निराशा केली रे, ओडवार.' मी म्हणायचो, 'अरे तसं नाही!' तो म्हणायचा, 'तसंच आहे. वॉफल आण.' मी आणायचो. त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा घरी नेऊन द्यायला लागलो, वर जॅम, वर साय. माझी बायको गुन्वोर, जन्मभर नर्स होती ती, एकदा डबा बघून म्हणाली, 'तू त्याची सेवा करतोयस की त्याला लवकर पोचवतोयस?' अशी बोलते ती! आणि खरं सांगतो, तोवर मला स्वतःलाच ठरवता येईना, या माणसाने जावं असं मला वाटतंय की राहावं. राहावं असंच वाटत होतं. माझा दोस्तच होता तो.

गेला ऑगस्टमध्ये. आपल्याच बोटीत, धक्क्याला बांधलेल्या, दुपारचं ऊन, टोपी डोळ्यांवर. सगळ्यांना वाटलं झोपलाय. मी चर्चमध्ये ढसाढसा रडलो हो, त्याच्या सख्ख्या मुलापेक्षा जास्त रडलो, मुलगा मलाच रुमाल द्यायला लागला. नंतर बाहेर कॉफी चालली होती. आमचा धक्काप्रमुख हालवार, जागा, चाव्या, पंप सगळं बघणारा माणूस, तो हातात सँडविचची बशी घेऊन माझ्याजवळ आला, इकडेतिकडे बघितलं, आणि कानात म्हणाला, 'वाईट झालं. ... जागा तुझी. वार्षिक सभेपर्यंत हो-नाही सांग. हो म्हटलंस तर उन्हाळ्यापर्यंत तिथे बोट दिसली पाहिजे. कोळंबीचं घे ना एक.' आता काय करायचं? एक डोळा रडतोय आणि दुसरा बोट बघतोय! मी कोळंबीचं घेतलं.

आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला सांगतो, सगळा धक्का विक्रीला निघाला! ज्यांनी वर्षानुवर्षं मला ऐकवलं होतं, 'ओडवार, बोटीशिवाय जगणं म्हणजे काय जगणं!', तेच एकेक करून मला कोपऱ्यात घ्यायला लागले. 'माझी बघतोस का? तुझ्यासाठी म्हणून हं. दुसऱ्या कुणाला दिली नसती.' एक जण म्हणाला, 'इंजिन नवं आहे.' विचारलं, 'मग विकतोस का?' म्हणाला, 'इंजिन नवंच घ्यावं लागतं रे सारखं.' दुसरा म्हणाला, 'बायको म्हणते विक.' तिसऱ्याची बायकोच आली, नवऱ्याला न सांगता! किल्ली माझ्या मुठीत कोंबून म्हणाली, 'घेऊन जा हो, तो मासेमारीला गेलाय तोवर.' आता ती मंडळी विकायला एवढी उतावीळ, आणि मी घ्यायला उतावीळ... मला शंका यायला नको? परवडत असतं तर यांनी सोडलं असतं का?

सगळ्यात पुढे कोण, तर माझा मेव्हणा स्टायनार. गुन्वोरचा धाकटा भाऊ. हा लहानपणापासून आपली जुनी सायकल मला नवी म्हणून विकणारा. म्हणाला, 'भाऊजी, नुसती चक्कर मारून बघ. गुन्वोरला पण आण. पाण्यात गेलास ना, की विचारायचाच नाहीस परवडतं का म्हणून.'

गेलो सप्टेंबरातल्या एका रविवारी. बोटीवरचं आच्छादन काढायलाच सकाळ गेली, चेन अडकलेली, स्टायनार ती दातांनी ओढतोय. मग इंजिन. इंजिन खोकलं, थुंकलं, गप्प झालं. परत खोकलं. मी म्हटलं, 'हा आवाज कसला?' स्टायनार म्हणतो, 'त्याकडे लक्ष नको देऊस, तो तिचा स्वभाव आहे.' एकदाचे निघालो. आता बेत काय, तर एखाद्या बेटावर उतरायचं, खडकावर बसायचं, डबा खायचा. साधा बेत. पहिलं बेट आलं. एवढं मोठं, की वर अख्खं लग्न लागेल! पण तिकडच्या टोकाला एक जोडपं बसलेलं. आता कुणी बसलंय म्हटल्यावर आपण कसं उतरणार? आपल्यात असं करतात का? शोभतं का? हात हलवला, त्यांनी हलवला, पुढे. दुसऱ्या बेटावर एक माणूस आणि कुत्रा. माणसाने बघितलं न बघितल्यासारखं केलं, कुत्रं मात्र बोलावत होतं. पण कुत्र्याच्या बोलावण्यावरून कसं जायचं? पुढे. तिसरं बेट रिकामं! स्टायनार ओरडला, 'बघितलंस? बघितलंस?' जवळ गेलो तर खडकावर टॉवेल. नुसता टॉवेल, माणूस नाही. पण टॉवेल म्हणजे माणूसच की! गुन्वोर म्हणाली, 'तो टॉवेल जुलैपासून इथे पडलेला दिसतोय.' तिघेही टॉवेलकडे बघत बसलो. उतरायची हिंमत कुणाचीच नाही. मग पाऊस सुरू झाला, आणि आम्ही भर पाण्यात हेलकावे खात, टोपीवरून पाणी गळतंय, ओली सँडविचेस खाल्ली. गुन्वोर शांतपणे म्हणाली, 'तुझ्या बसमध्ये निदान ऊब असायची.'

परत येताना धक्क्याला लागायची वेळ आली. स्टायनार बहिणीवर ओरडतोय, 'दोर! दोर टाक! तो नाही, दुसरा!' ती ओरडतेय, 'दुसरा कुठला? तू लहानपणापासून असाच आहेस!' आणि मी मध्ये, एक पाय बोटीत, एक पाय फळीवर, आणि बोट हळूहळू निघालीय... ताणलेल्या पायांनी मी तिथे उभा आणि डोक्यात एकच, परवडतं का?

पण थांबा. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली, ती गुन्वोरलासुद्धा मी सांगितली नाही. त्या परतीच्या वाटेवर पाऊस जरा ओसरला होता, आणि काठच्या रस्त्याने बस गेली. माझीच बस. आतले दिवे लागलेले, खिडकीशी एक मुलगी काचेवर डोकं टेकून बसलेली. आणि मी पाण्यात. अंग भिजलेलं, हात गारठलेले, तोंडात ओला पाव... आणि मला इतकं बरं वाटलं! एवढी वर्षं रस्त्यावरून जे बघत होतो ते हे होतं! दोन मिनिटं टिकलं असेल. बस वळणाआड गेली आणि इंजिन परत खोकलं.

घरी आल्यावर गुन्वोरने चहा टाकला, पाय गरम पाण्यात घातले, आणि म्हणाली, 'बोल.' मी म्हटलं, 'काय बोलू? वरवर बघता...' ती म्हणाली, 'वरवर नको बघूस. गेल्या उन्हाळ्यात बोट असती तर किती वेळा गेला असतास? पावसाचे दिवस काढ. वाऱ्याचे काढ. नातवंडं आली होती ते काढ. तुझी पाठ धरली होती तो आठवडा काढ. बुरशी लागली म्हणून बोट बाहेर काढून ठेवली असती ते काढ.' मी काढत गेलो. काढता काढता उन्हाळाच संपला! म्हणाली, 'एवढ्या पैशात दर वर्षी स्पेनला जाऊ. तिथे ऊन रोज असतं, आणि त्याचा तळ खरवडायला लागत नाही.' मी खिडकीतून पाण्याकडे बघत होतो. तेव्हा ती माझ्याकडे बघत म्हणाली, 'ओडवार, तुला बोट हवीय, की बोटीत बसलेला ओडवार हवाय?' आता असल्या प्रश्नाला नवऱ्याने काय म्हणायचं? मी म्हटलं, 'दोन्ही.' तर म्हणाली, 'मग घे. मी येईन तुझ्याबरोबर. पण नंतर कुरकुरायचं नाही.' झालं! 'घेऊ नकोस' म्हणाली असती तर भांडून घेतली असती हो. 'घे' म्हटल्यावर माणूस घेणार कसा?

सगळा हिवाळा मी हाच विचार केला. बर्फ उपसताना विचार, मोजे वाळत घालताना विचार. स्वच्छ दिसत होतं, नाही परवडत. पैसे एक वेळ उभे करू, पण बोट सांभाळायला जे लागतं ते माझ्यात नाही. आता 'नाही' म्हणायचं एवढंच ना? तसं नाही हो! 'नाही' म्हटलं की यादीतून नाव कटलं. यादीतून कटलं की मंडळातून कटलं. मंडळातून कटलं की दुग्नाद नाही, फळी नाही, शनिवारचं वॉफल नाही. मग शनिवारी मी कुठे जायचं? इंगेब्रिग्ट तर गेलाच, उरलेलेही गेले! म्हणजे बघा, न चालणारी एक बोट घेऊन तिथे बांधली तर तो खर्च बोटीचा नाही, चार माणसांशेजारी गप्प बसण्याचा. तो परवडतो का? विचार करून करून माझं डोकं उठलं. शेवटी फेब्रुवारीत एका सकाळी दाढी करता करता आरशातल्या माणसाला सांगितलं, 'नाही घ्यायची.' त्याचं तोंड उतरलं. पण ठरलं म्हणजे ठरलं. एक वाक्यही तयार केलं, सभेत उभं राहून बोलायला. 'मित्रांनो, मंडळाचे आभार, पण मला बोट नको.' आठवडाभर घोकलं. मला सभेत बोलायची सवय नाही हो, बसमध्ये फक्त थांब्यांची नावं सांगायचो.

मार्चमध्ये वार्षिक सभा. शाळेच्या व्यायामशाळेत, पोरांच्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला लागलेले. अध्यक्ष बोर्गहिल्ड, जुन्या मुख्याध्यापिका, आजही त्यांनी चष्म्यावरून बघितलं की मी खिशातून हात बाहेर काढतो. एकेक विषय चाललेत. शेवाळ. पाण्याचा नळ. कुणीतरी कुणाचा तरी पंप नेला तो. मी कशाकडेच लक्ष देत नव्हतो. मी मनात वाक्य घोकतोय, 'मित्रांनो, मंडळाचे आभार...' बोलायला योग्य क्षण शोधतोय. दुसरं कुणी बोलत असताना मध्ये कसं बोलायचं? जरा शांतता झाली की बोलू. आणि अचानक, तुम्हाला सांगतो, शांतता झाली! अशी शांतता, की भिंतीवरच्या घड्याळाला लाज वाटावी. एक माणूस हलेना. मला वाटलं, देवा, हीच ती वेळ! एवढी शांतता परत मिळायची नाही! आणि मी उभा राहिलो.

आता ती शांतता कसली होती, तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही! हालवारची पाठ कामातून गेलेली, त्याने राजीनामा दिलेला, आणि बोर्गहिल्डबाईंनी नुकतंच विचारलेलं, 'धक्काप्रमुख व्हायला कोण तयार आहे?' दर वेळी हा प्रश्न आला की अख्खी सभा आपापल्या बुटांकडे बघते. बुटांच्या नाड्या इतक्या बारकाईने दुसरीकडे कुठे बघितल्या जात नाहीत. श्वाससुद्धा जपून घेतात, कारण ज्याची हालचाल दिसली तो गेला! आणि त्या सगळ्या वाकलेल्या डोक्यांमध्ये एकटा मी, ताठ उभा, छाती पुढे!

टाळ्या! अहो, काय टाळ्या! सुटकेच्या टाळ्या असतात ना, तशा. मागचे लोक उभे राहिले. हालवारचे डोळे भरून आले. स्टायनारने शीळ घातली. मी हात वर करून म्हणतोय, 'मित्रांनो, मंडळाचे आभार...' टाळ्या आणखी वाढल्या. मी जीव काढून ओरडलो, 'पण मला बोट नको!' तर सगळे पोट धरून हसले. शेजारचा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतो, 'बरोबर आहे, आता तुला बोटीला वेळ कुठला मिळणार!' हालवारने तिथल्या तिथे माझ्या गळ्यात चाव्यांचा जुडगा घातला. आणि एकदा टाळ्या वाजल्यावर 'मी नाही' कुठल्या तोंडाने म्हणायचं? आपल्यात म्हणतं का कुणी? तुम्ही म्हणाल का? नाही ना! मी खाली बसलो.

तेव्हापासून माझं काय झालंय ते बघा. एक बोट सांभाळायची ताकद नाही म्हणून जो माणूस हिवाळाभर झुरला, त्याच्या गळ्यात अख्ख्या धक्क्याच्या बोटी! पाऊस पडला की फोन. 'ओडवार, आम्ही स्पेनला आहोत, आमच्या बोटीतलं पाणी उपसशील का?' म्हणजे स्पेनला पण तेच, आणि बोट पण त्यांचीच, आणि उपसणारा मी! वारा सुटला की फोन. 'दोर बघशील का?' वारा नाही सुटला तरी फोन, 'एवढं शांत कसं काय, सगळं ठीक आहे ना?' शनिवारी सगळे फळीवर बसून वॉफल खातात, आणि मी हातात पाना घेऊन बोटीच्या पोटात. एकदाच जाऊन बसलो, तर सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेच बघणं! म्हटलं, असू दे, उठतो.

गुन्वोर हल्ली डब्यात एक सँडविच जास्त ठेवते. मी तिला म्हटलं, 'जाऊ दे, निदान बोटीचा प्रश्न तरी मिटला ना? भर सभेत सांगितलं मी, नको म्हणून.' स्वतःचं समाधान करून घेत होतो, तुम्हाला कळलंच असेल. मिटल्याचं वाईट वाटत होतं, पण मिटलं होतं.

तर गेल्या महिन्यात बोर्गहिल्डबाई धक्क्यावर आल्या. इंगेब्रिग्टच्या रिकाम्या जागेसमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, 'ओडवार, ही जागा अजून रिकामी कशी?' म्हटलं, 'मी नाही म्हटलं ना सभेत.' बाईंनी चष्म्यावरून बघितलं. 'केव्हा? मी इतिवृत्त स्वतः लिहिलंय. त्यात आहे, ओडवार निवडून आला, दोन शब्द बोलला, सभा हसली.' म्हटलं, 'ते दोन शब्द तेच होते!' म्हणाल्या, 'लिहिलेलं नाही म्हणजे झालेलं नाही. यादीत पहिला अजून तूच. जागा रिकामी असली की पहिल्याला लेखी विचारायचं, आणि त्याने लेखी उत्तर द्यायचं.' म्हटलं, 'बरं, मग विचारा.' तर म्हणाल्या, 'मी कशी विचारू? ते काम धक्काप्रमुखाचं.'

म्हटलं, 'म्हणजे मी मला विचारू?'

म्हणाल्या, 'लेखी.'

'आणि मी मला तोंडी सांगितलं तर?'

'नियमात बसत नाही.'

मग काय करता? टेबलाशी बसून लिहिलं. 'प्रिय ओडवार, तुला कळवण्यास आनंद होतो...' आनंद होतो लिहिताना खरंच जरा झाला हो. मंडळाचा शिक्का मारला. दारातल्या पेटीत टाकलं, वळलो, आणि काढून घेतलं. आत आणून वाचलं. चांगलं लिहिलं होतं. शेवटी 'या महिनाअखेरपर्यंत कळवावे' असंही होतं. वाचून खुर्चीत बसलो, खिडकीतून पाणी दिसत होतं, आणि विचार करायला लागलो... परवडेल का?

महिना संपून गेला. काल संध्याकाळी जेवताना गुन्वोरने बटाटे वाढता वाढता विचारलं, 'त्या यादीतल्या माणसाचं काही उत्तर आलं का रे?'

म्हटलं, 'नाही. विचार करतोय म्हणतो.'

'फार लांबवतोय, नाही?'

'लांबवतोय खरा. मागचे लोक बोंबलतायत, जागा अडवून ठेवली म्हणून. फोन मलाच येतात.'

'मग तू काय केलंस?'

आता मी काय करणार, तुम्हीच सांगा! मुदत मागत होता बिचारा. मी त्याला आणखी पंधरा दिवस दिले.